अर्धा एकर

नॅकची कमिटी सोमवारी येणार
आणि माझ्या स्क्रीनवर रकाना क्रमांक नऊ:
संशोधनाचा विषय. कमाल साठ अक्षरं.

विचारायला वर गेलो.
आरवाडे मॅडम खिडकीशी मोसंबी सोलत होत्या.
म्हणाल्या, "नदाफ, लिही,
नदीनं जागा बदलली की जमीन कुणाची."
बोटांवर मोजलं, बसत होतं.
पण हा विषय वाटेना,
हरिपूरच्या पारावर कुणीही कुणालाही
विचारावा असा सवाल वाटला.

"तिथलाच आहे," म्हणाल्या.
संगमाच्या खालच्या अंगाला
त्यांच्या आत्याची हळद होती.
एका रात्रीत अठरा गुंठे कृष्णेनं नेले
आणि समोरच्या काठाला, कुणाच्या तरी बांधाला,
ओल्या गाळाचे लावून दिले.
आत्या तलाठ्याकडं गेली.
तलाठी म्हणाला, कायद्यात अर्धा एकर आहे, बाई.
त्याच्या आत गेलं तर सारा कमी होत नाही.
आत्यानं सारा भरला,
पाण्याचा.

मॅडम तेव्हा अकरावीत होत्या.
बाकी सगळं, एलएलएम, सेट, पीएचडी,
त्या तलाठ्याला उत्तर द्यायला.

एकोणीसच्या पुरात प्रबंध भिजला.
तळमजल्याच्या कपाटातून आम्ही तो काढला
तेव्हा पावासारखा फुगला होता,
आणि पान दोनशे बाराला
बोटभर गाळ.
मी पुसायला गेलो तर म्हणाल्या,
"राहू दे. पुरावा आहे."

नोवी सादला त्यांची एक दानित्सा आहे.
तीही कायदा शिकवते, तीही काठ मोजते.
तिकडं डॅन्यूब कधीची वळली म्हणे,
नकाशा म्हणतो इथं, पाणी म्हणतं इथं,
आणि दोन देश मध्ये उभे,
पायजमे वर धरून.
(हे पायजम्याचं मॅडमचं.)
दानित्सानं एकाच टेबलावर बसून
चार देशांत नोकरी केली.
ती हलली नाही,
दारावरची पाटी तेवढी हलत गेली.

मॅडमचा देश एकच.
पण पहिली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर,
एप्रिल संपता संपता कार्यमुक्त,
जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत,
तेच तीन साहेब, तोच प्रश्न:
"पूर्वीचा अनुभव?"
दर साली त्रेचाळीस दिवसांचा खंड.
पेन्शनची फाईलही माझ्याच टेबलावर आहे,
म्हणून माहीत.
त्रेचाळीस दिवस म्हणजे काय,
कुणाच्या लेखी काहीच नाही.
मी कॅल्क्युलेटरवर अकरानं गुणलं.
चारशे त्र्याहत्तर आले.
बेरीज लिहायला
फाईलमध्ये रकाना नाही.

मॅडमना सांगितलं.
हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.
मोसंबीची फोड हातावर ठेवत म्हणाल्या,
"गेलेली जमीन कुठंतरी लागतेच, नदाफ.
समोरच्या काठाला बघ."
समोर वर्ग होता.
पोरं दंगा करत होती,
फळ्यावर कालच्या तासाची अर्धी नदी
कुणी पुसली नव्हती.

खाली येऊन रकाना भरला.
मशीन म्हणालं: विषय सुस्पष्ट नाही.
पुन्हा भरला, जसाच्या तसा.
पुन्हा म्हणालं.

तेवढ्यात दानित्साचा मेल.
दर ऑगस्टला येतो, एकाच ओळीचा:
तुमच्या नदीची पातळी किती?
मग मॅडम मला आयर्विन पुलावर धाडतात.
दुचाकी कडेला लावून वाकलो.
पट्टीवरचे आकडे गढूळ, एक पाय बुडालेला,
कठड्याशी दोन कॉलेजची पोरं कणीस खात.
सतरा फूट, वर थोडं.
"थोडं किती?" मॅडमनी फोनवर विचारलं.
म्हटलं, बोटभर असेल, सोडून द्या की.

"बोटभर पण लिही," म्हणाल्या.