आपसूक

अकरा वर्षं मी ती मोटार चालवली.
देसूरच्या अलीकडं, खानापूर रस्त्याला,
बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागच्या पत्र्याच्या शेडात.
सकाळी सहाला बटण, रात्री दहाला बटण.
पाणी वर यायचं, कोळशाच्या दोन पिंपांतून जायचं
आणि निवळून नाल्याला लागायचं.
पोरं म्हणायची, मोनाप्पा पाणी धुतोय.

टाकी कधी गळायला लागली कुणाला ठाऊक नाही.
कळलं ते भातामुळं.
द्वारकाकाकूंनी घरचा बासमती शिजवला,
एरवी ज्याचा वास गल्लीच्या टोकाला जायचा.
झाकण काढलं
आणि पातेल्यातून स्कूटर निघाल्यासारखं झालं.

पहिल्या वर्षी आकडा नऊशे.
मग चारशे. मग दीडशे.
मग चाळीसला येऊन बसला, चिखलातल्या म्हशीगत,
ओढलं तरी उठेना.
एकेचाळीस, अडतीस, चाळीस, एकोणचाळीस.
गेल्या सालभरात आम्ही उपसलं
सगळं मिळून सव्वा लिटर पेट्रोल.
विजेच्या बिलात टँकर आला असता.

होसमनी मॅडम धारवाडहून आल्या.
कागद कन्नडात, बोलणं निम्मं-निम्मं.
मोटार बंद करायची. आता नुसतं मोजायचं,
तीन महिन्यांनी एकदा, आठही बोअर.
आणि खाली उरलंय ते?
"तानागे होगतद."
आपल्यात आपसूक म्हणतात, ते.
मी मराठीत सांगितलं तशा काकू म्हणाल्या,
"म्हणजे सोडून दिलं म्हणा की. सरळ बोला की ओ."

मॅडम चिडल्या नाहीत.
तिथंच उकिडव्या बसल्या, जांभ्याचा खडा उचलला.
ह्यात लोखंड हाय, म्हणाल्या.
खाली डोळ्याला न दिसणारे जीव हायत,
ते पेट्रोल खातात,
हवा संपली की हे लोखंड श्वासाला घेतात.
सात नंबरच्या पाण्यात लोह वाढलंय, बघा.
म्हणजे पंगत बसलीय.
"उठणार कधी?"
"बारा वर्षं. वीस पण लागतील."
काकूंना चौऱ्याहत्तरावं चालू.
त्या पदराला हात पुसत राहिल्या, बराच वेळ.

आठव्या बोअरला वास लागला तर मोटार परत चालू,
हे मात्र मी कागदावर लिहून घेतलं,
दोन्ही भाषांत.

बटण बंद केलं त्या रात्री झोप नाही.
अकरा वर्षांची घरघर थांबली तर
घड्याळ ऐकू आलं, कुत्रं ऐकू आलं,
आणि ज्यांचं जेवण चाललंय
त्यांचं काहीच ऐकू आलं नाही.
उठून शेडात गेलो. मोटारीवर हात ठेवला.
गार.

आता तीन महिन्यांनी टेप सोडतो खाली,
बाटली भरतो, बर्फाच्या पेटीत ठेवतो,
झाकण लावायच्या आधी हुंगतो. सवय.
नकाशावर पेन्सिलीनं एक रेघ असते,
इथपर्यंत नासलंय, पलीकडं नाही.
सीमेवर जन्म गेला माझा,
बापानं मोर्चात लाठी खाल्ली,
पण सीमा मागं सरकलेली
ह्या कागदावरच पहिल्यांदा बघितली.
चार फूट.

मग पाऊस झाला आणि आकडा चव्वेचाळीस.
मॅडम फोनवर म्हणाल्या, पाणी वर आलं की होतं तसं,
पुढच्या खेपेला बघू.
काकूंच्या विहिरीवर लाल फळी आहे तशीच.
नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यात त्या भात लावतात,
आणि झाकण काढताना
अजून तोंड जरा बाजूला घेतात.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
अकरा वर्षं तिथं एकच: मोटार चालू.
आता तिथं काय लिहायचं कुणी सांगितलं नाही.
पहिल्या खेपेला मोकळा सोडला.
दुसऱ्या खेपेला पेन बराच वेळ तसाच धरून
लिहिलं,
बघतोय.