रांगेच्या पाठीमागून

बटाटे मोजायचे, असं ती सांगायची.
महायुद्धभर शेतकी खात्यात बसून
लँकशायरचे बटाटे मोजले म्हणे,
आणि आम्ही मान डोलवायचो,
कारण बटाट्यांबद्दल पुढे विचारायचं तरी काय.

हिल्डा थ्रेलफॉल. माझ्या वडिलांची आत्या.
रेडिओची कळ कुणी फिरवली
तर दोन स्टेशनांच्या मधली खरखर तिला सोसायची नाही.
उठून अंगणात जायची, थंडी असली तरी.
एवढंच. बाकी पन्नास वर्षं
ताकाला तूर लागू दिली नाही.

गेली तेव्हा कपाटात निघाले
चार कोट, टॉफीचा चपटा डबा,
डब्यात सात फोटो. सगळे घोळक्याचे.
पाठीवर ना नाव, ना गाव.
फक्त सातव्यावर, शिसपेन्सिलीनं :
"ऑलिव्हचे बूट बघ."

मी छपरांचा माणूस. प्रेस्टनमध्ये चाळीस वर्षं
लोकांच्या डोक्यावरची गळती काढली.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत,
धुराडी राहतात.
म्हणून भिंग बायकांवर न धरता
त्यांच्या डोक्यांवरून वर नेलं :
पाटीच्या दगडाची कौलं, खाली रुंद, वर जाता जाता अरुंद,
आणि तिसऱ्या धुराड्याच्या विटा,
एक आडवी, एक उभी,
मध्येच एक चुकलेली.

ती चूक पहिल्या फोटोत होती.
तिसऱ्यात पुन्हा सापडली. पाचव्यातही.
म्हणजे हॉकीचा संघ, नाताळचं नाटक,
हिरवळीवर लोळणाऱ्या नऊजणी,
सगळ्या एकाच घराच्या पोटातून बाहेर आलेल्या.
बटाट्यांच्या खात्याला हॉकीचा संघ कशाला?
आणि छपरावरून बीचच्या झाडाकडे गेलेली ती तार,
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी,
जिच्यावर एकाही फोटोत
एकही कपडा नाही?

घर सापडलं. डोंगरापल्याड, यॉर्कशायरात.
आता तिथे लग्नं लागतात.
मॅनेजर भला होता, शिडी लावू दिली.
चुकलेल्या विटेवर बोट ठेवलं,
गार होती.
झाडाच्या सालीत तारेचा आकडा
इतका आत गेलेला, की आता झाडाचाच वाटावा.
खालच्या खोल्यांना विचारून पाहिलं.
कोरी पाटी.

राहिला सातवा.
लांबच लांब, गुंडाळी करून ठेवलेला,
कॅमेरा हळूहळू फिरत जाऊन काढतात तसला.
एकशे चाळीस माणसं चार रांगांत.
डाव्या टोकाला हिल्डाआत्या, हात जुळवलेले, टाचेचे बूट,
आम्हाला ठाऊक होती तश्शी.
मग भिंग सरकवत सरकवत
मी उजव्या टोकाला पोचलो
आणि खुर्चीतून उठलोच.

तिथेही तीच.
टोपी नाही, केस सुटलेले,
धापेनं तोंड उघडं,
पायांत दोन मापं मोठे, नाडीचे बूट.
आणि बरोबर मध्ये, पहिल्या रांगेत,
एक लांब हाडाची पोरगी
मोज्यांवर बसलेली, चेहरा अगदी प्रार्थनेतला.

तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.
आमच्यात कुणीच नाही.
कॅमेरा पुढून फिरत होता
आणि ती एकशे चाळीस पाठींच्या मागून,
ओल्या गवतातून, उसन्या बुटांत,
त्याच्या आधी पोचायला.
तेवढंच नेमकं फोटोत नाही.

ऑलिव्ह सग्डेन स्किप्टनच्या वृद्धाश्रमात आहे.
सत्त्याण्णव वर्षांची, कान अजून तिखट.
मी फोटो तिच्या मांडीवर उलगडला,
दोन्ही टोकं हातांनी दाबून धरली.
तिनं डावीकडून उजवीकडे पाहिलं.
वेळ घेतला.
ओठ थरथरले, हसू होतं की काय कळेना.
"काय ऐकायचात तुम्ही तिथे?" मी विचारलं.

"सही केली होती," ती म्हणाली,
आणि घोंगडीचं टोक ओढून
पाय झाकून घेतले.