हजेरीपटातला तिसरा रकाना

वहीत चार रकाने. नाव, दिवस,
मग हा तिसरा, मग रुपये.
तिसऱ्यात अकरा वर्षं मी एकच शब्द लिहितो: अकुशल.
तोही फक्त पहिल्या ओळीत.
खाली नुसत्या दोन-दोन रेघा,
तीस माणसांपुढे.

सावद्याच्या अलीकडे, सुकीकाठच्या मळ्यात
सुभान तडवी घडापुढे उभा राहतो
तेव्हा आधी काहीच करत नाही.
मग मधल्या फणीतल्या एका केळाच्या धारेवरून
अंगठा फिरवतो,
मी नोटांच्या कडेवरून फिरवतो तसा,
आणि म्हणतो, "याले आठ दिवस ठेव."
शेजारचा घड मला हुबेहूब तसाच दिसतो.
तो मात्र उतरवतो.

गेल्या माघात त्यांच्या पाड्यावर लग्न निघालं.
गँग आली नाही, गाडी उभी.
दादा म्हणाले, "त्याच्यात काय अक्कल लागते? चला, आपन कापू."
पुतण्या होता त्यांचा, कृषीची पदवीवाला,
ड्रायव्हर होता, आणि मी.
खोडाला कोयता लावला की झाड वाकतं,
पण किती लावायचा
हे झाडाला माहीत, नाहीतर सुभानला.
पहिला घड माझ्या खांद्यावर यायचा तो पाठीवर आला.
दुसरा मातीत.
दुपारपर्यंत आम्ही बेचाळीस घड पाडले.
कापले म्हणवत नाही.

केळीला लागलेलं त्या दिवशी दिसत नाही.
हिरवं हिरवंच राहतं.
माल दिल्लीत पिकला, तेव्हा डाग उठले
आणि फोन आला.
कपात मीच नोंदवली: नऊ हजार चारशे.
शर्टावरचा चीक बायकोनं लिंबानं घासला, रॉकेलनं घासला.
मला वाटायचं, त्या लोकांच्या कपड्यांचा रंगच काळा.

शनिवारी चुकारा वाटताना म्हणालो,
"सुभानभाऊ, यंदा तुमच्यापुढे कुशल लिहितो.
दादांशी बोललोय. रोजामागे साठ वाढतील."
वाटलं, हसेल.
तो ओट्यावर बसला, तंबाखू मळत राहिला.
"आन् जैतूनपुढे काय लिहिशीन?"

जैतून गाडीत पानं अंथरते, घडांच्या मधल्या फटीत पानं कोंबते,
पाण्याच्या घागरी आणते.
"ते काय," मी म्हणालो, "कोणीही करेल."

"कोनीबी करीन.
पन करते कोन?"

मग चुना बोटावरच ठेवून म्हणाला,
"मले अंगठ्याचं कळते, ते खरं.
तिले नसीन कळत.
तेलवाला पुसते का तिले,
बाई, तुले कोनतं काम येते,
त्या हिशोबानं भाव लावतो?"

माझ्याकडे उत्तरं होती. हिशेबनीस आहे मी.
तिसांना साठ म्हणजे दिवसाचे अठराशे.
भाव व्यापारी पाडतो, दादा नाही.
मागच्या वादळात दादांची निम्मी बाग झोपली
तेव्हा त्यांना कोणी पुसलं नव्हतं.
फार ताणलं तर तारेवरून घड नेणारं यंत्र घेतील म्हणतात.
ते मी प्रदर्शनात पाहिलंय,
घड एकामागून एक जात होते, कोणी काही मागत नव्हतं.

पण बोललो नाही. कारण मनात भलतंच आलं,
की मला तरी काय येतं? बेरीज.
ती आता फोनही करतो.
तरी माझा पगार महिन्याला आहे,
पावसात चालू आहे, तापातही चालू आहे.

रात्री वही उघडली.
तिसरा रकाना कोरा सोडला, सुभानपुढे,
जैतूनपुढे, सगळ्यांपुढे.
चौथ्यात आकडे लिहिले.
जुनेच.

सकाळी दादांनी बोट ठेवलं.
"हे लिहायचं राहिलं का रे?"
"हो," म्हणालो,
आणि पेन शोधत बसलो बराच वेळ.
ते माझ्या कानावरच होतं.