अर्थिंग

बाबा कोराडीला होते, एकतीस वर्षं, तीन पाळ्यांत.
विजेला ते कधी वीज म्हणाले नाहीत.
'सप्लाय' म्हणायचे, किंवा नुसतं 'ती'.
"ती पाहत नाही कोण हाये.
हात साहेबाचा का हेल्परचा, तिले काय घेनंदेनं."

त्यांच्या डाव्या तळव्यावर एक पांढरी, गुळगुळीत जागा होती,
रेषा पुसून गेलेली.
लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायची.
मला एवढंच माहीत, की ज्या दिवशी ती झाली
त्या दिवशी पात्रस मेश्राम घरी आला नाही.

पात्रसच्या मातीनंतरही बाबा देवळात येत,
पण दाराशी, शेवटच्या बाकावर. चपला पायातच.
पाळकसाहेब म्हणत, आपला देव सर्वसमर्थ आहे,
आणि बाबा मान खाली घालून पुटपुटत,
"सामर्थ्याजवळ गेले हायेत का हे कधी?
पाटी असते तिथं. कवटी असते पाटीवर.
दूर राहा, लिवलेलं असते."

आई रडायची.
मला मात्र ते पटायचं.
कितीतरी वर्षं मी तशीच प्रार्थना केली,
सुरक्षित अंतर राखून.

तरी दर एप्रिलात बाबा बादली घेऊन
मोहननगरच्या त्या देवळामागे जात.
शिखरावरच्या लोखंडी क्रुसापासून निघालेली तांब्याची पट्टी
भिंतीवरून उतरून जिथे जमिनीत शिरते,
तिथला खड्डा उकरत. मीठ घालत. कोळसा घालत.
मग पाणी, बादलीवर बादली.
"सुकलेली माती काही घेत नाही, पोरी.
ओली ठेवा लागते."
कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारतही नव्हतं.

त्या वर्षी पारा सत्तेचाळीसवर.
कूलरच्या टाकीत हात घातला तर चहात घातल्यासारखा.
रविवारची संध्याकाळची उपासना चालू होती.
पाचपावलीच्या अंगाने आकाश पिवळं झालं, मग जांभळं,
आणि धूळ अशी उठली की समोरचं फाटक दिसेना.
रस्त्यावरची माणसं आत शिरली:
एक माठवाला, ट्यूशनच्या दोन मुली,
एक ट्रॅफिक हवालदार, शिट्टी अजून तोंडात.

मग ती आली.
तो आवाज नव्हता, आवाजाच्या आधीचं काहीतरी होतं.
पांढरं.
काचा थरथरल्या, पेटीने आपोआप सुस्कारा टाकला,
एस्तेरकाकूंचा चष्मा बाकाखाली.
शिखरावर कोसळली होती, थेट क्रुसावर,
आमच्या डोक्यांवर वीसेक हात.
आणि आम्ही होतो. सगळेच्या सगळे.
माठवाला माठ पोटाशी धरून,
माठालासुद्धा तडा नाही.

बाबा उठून बाहेर गेले, त्या धुळीत,
पट्टी जमिनीत शिरते तिथे. माती वाफाळत होती म्हणे.
परतले तेव्हा पाय अनवाणी.
दार ओलांडून, मागचा बाक ओलांडून
थेट पुढे येऊन माझ्याशेजारी बसले.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"सगळं अंगावर घेतलं त्यानं. आपल्यापर्यंत येऊ नाही देलं."
कोणी, ते मी विचारलं नाही.
क्रुसालाही आपण 'तो'च म्हणतो.

आता बाबा जरीपटक्याला आहेत,
पात्रसपासून सहा कबरी पलीकडे.

प्रभो, मला तुझी भीती वाटते. राहू दे ती.
पात्रस का, हे मला कळलेलं नाही;
बाबांनाही कळलं नव्हतं,
आणि कळल्याचं सोंग त्यांनी केलं नाही.
पण वादळ उठलं की मी दूर कुठे पळत नाही,
तू जिथे कोसळतोस
त्याच्याच खाली येऊन बसते.

आणि एप्रिलात बादली घेऊन देवळामागे जाते.
मीठ. कोळसा. पाणी.
माती सूं सूं करत पीत राहते.
मी चपला काढून उभी असते.