कबुतरांचा नियम

रिबही मामा सांगायचा,
विकत आणलेलं कबुतर कधी सोडू नये.
सहा महिने कोंडा, वर्षभर दाणे घाला,
दार उघडलंत की ते जुन्याच छपरावर जाणार.
त्याला ठेवायचं अंड्यांपुरतं.
इथं जन्मलेलं पिल्लू मात्र सोडावं.
ते परत येतं.

यर्मूकला आमच्या गच्चीवर बावीस होती.
मामा काळं फडकं बांधलेली काठी फिरवायचा
आणि दमास्कसचं आभाळ
आमच्या पाण्याच्या टाकीभोवती गोल वळायचं.
शाळेत विचारत, कुठली गं तू?
मी सांगे, लूबियाची.
लूबिया मी पाहिलेलं नाही. आईनंही नाही.
आजोबांना आठवायचा तिथल्या विहिरीचा
दोरानं कापलेला एक दगड.
बाकीचं, म्हणायचे,
आता तुम्हीच मला सांगत असता.

विमानं आली त्या डिसेंबरात
मामानं खुराडं उघडं टाकलं.
आम्ही निघालो, बाराजण, एक गादी.
वळून पाहिलं तर
पाखरं घरावरच घिरट्या घालत होती.

ऐन अल-हिल्वे म्हणजे गोड झरा.
नळाला खारं पाणी.
गल्लीत आमचं नाव ‘सीरियावाले’.
माझे हेल ऐकून घरमालक भाडं वाढवतो.
तिकडे होते तेव्हा पॅलेस्टिनी,
इथं आपल्यांतच येऊन सीरियन.
कार्डावर शिक्का, शिक्क्यात तारीख,
ती उलटली की मी कोण
हे खिडकीमागचा पोरगा ठरवतो,
चहा पिता पिता.

मामानं पुन्हा चार आणली, पंख बांधून.
मग गल्लीतच गोळीबार. महिनाभर शाळेत राहिलो.
घरी आलो. पुढच्या शरदात परत विमानं.
परत तीच शाळा, तोच तिसरीचा वर्ग,
फळ्यावर आमच्याच मागच्या वेळच्या
ब्लँकेटांचा हिशेब, अर्धा पुसलेला.

टोमॅटोच्या खोक्यात, बाकाखाली,
काल एक अंडं फुटलं.

तहानी विचारते,
हे कुठलं, मामाआजोबा?
हे सोडलं तर कुठं येईल?

मामानं ऐकलं नाही असं केलं.
नाहीतरी अजून पिसं कुठं आलीत त्याला.
तहानी चोचीला बोट लावून बघते,
आई तिला ओरडते, रांगेत जा, पाव संपेल.
संध्याकाळी मामा ते काळं फडकं धुतो,
खिडकीच्या गजाला वाळत घालतो
आणि शाळेच्या शिपायाला विचारतो,
एखादा मोडका झाडू आहे का,
दांडा लांब असलेला.