दात कोरून

बैस, रेनार्स. बूट दाराशीच काढ,
बर्फ वितळून फरशीवर तळं होतं.
साठ टक्के परतावा म्हणतोस?
दाखव.
जाहिरात नको. खालचं, बारीक अक्षरांतलं.

एकवीस वर्षं मी कॅनरीत मासे मोजले.
मासे नव्हे, डबे. डबे नव्हे, डब्यांचे कागद.
दौगवाच्या मुखाशी, जिथे आता नुसतं धुराडं उभं आहे.
कागद काय लपवतो
ते मला वासावरून कळतं.

हे बघ : बोनस वजा जाता.
पहिल्या दिवशी दिलेले शंभर युरो
तुझ्याच परताव्यातून कापणार.
आवळा देऊन कोहळा, तोही सोलून, फोडी करून.
आणि हे : महिना उणे गेला तर पुढच्यात ओढणार.
आण पेन्सिल.
साठाचे उरले एकतीस.
माझे तेहेतीस आहेत. दर सोमवारी, पहाटे सहाला,
न मागता.

प्रत्येक डावातून घर पाच टक्के उचलतं.
जिंकणाऱ्याला वाटतं, हरणाऱ्याचे गेले.
हरणारा म्हणतो, माझे तर आधीच गेले होते.
अशा कुणाचेच न गेलेल्या पैशांवर
कुठल्याशा उन्हाळी बेटावर एक काचेची इमारत उभी आहे.
तिथून ते आपले आपल्याला परत पाठवतात
आणि आपण म्हणतो, आले!

एक विचारून घे : वाटणी कशी धरतात?
पानं मिळाली त्या सगळ्यांत सारखी,
की ज्याने जेवढे टाकले तेवढी त्याची?
तू धीट आहेस, तुला दुसरी बरी.
मी शंभरातले ऐंशी डाव पानं बघून ठेवून देते.
पूर्वी नुसत्या बसण्याचेही चार पैसे सुटायचे.
ती पद्धत मोडली.
नुसतं बसणाऱ्याला आता कुठेच काही मिळत नाही.

आणि गुणांच्या मागे धावू नकोस.
रुपेरीचा सोनेरी व्हायला बाराशे कमी, दिवस तीन,
मला ठाऊक आहे ती खाज.
गेल्या मार्चमध्ये मी चार टेबलांची नऊ केली,
डोळे सुजले, कॉफी उतू गेली,
वर चढले,
आणि पाच टक्के जास्तीच्या पायी
सहाशे दहा युरो खाली आले.
शिडी त्यांची आहे. दोन पायऱ्यांतलं अंतर
त्यांनी आपल्या दमाच्या जरा पुढे ठेवलंय.

ही वही. इतर कुणाला दाखवत नाही.
नोव्हेंबर : टेबलावर उणे दोनशे बारा, परत आले तीनशे अठ्ठ्याऐंशी.
डिसेंबर : उणे तीनशे चाळीस, परत चारशे दोन.
पुढे उलट. मागे उलट. सगळीकडे हेच.
तीन वर्षं मी एकही महिना जिंकलेले नाही.
तीन वर्षं हीटिंगचं बिल थकलेलं नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
भरतं, रेनार्स.
पण सगळे दात लागतात,
आणि रात्रभर.

हळू बोल, व्हिल्निस झोपलाय.
खिडकीकडे तोंड करून झोपतो, नळीला धक्का लागू नये म्हणून.
त्याला वाटतं, मी जिंकते.
नर्सला सांगत होता : माझी बायको पानं वाचते.
मी पानं वाचत नाही. अटी वाचते.
असू दे.

आज सोमवार.
सत्त्याण्णव युरो चाळीस सेंट आलेत.
बाजार उघडला की धुरावलेला ईल घेईन, त्याला आवडतो, छोटासाच.
कोळीण सुटे परत देताना माझी मूठ मिटवते
आणि म्हणते, मोजू नका हो, बरोबर आहेत.

मी ट्रॅमच्या थांब्यापर्यंत जाते,
हातमोजा काढते,
आणि मोजते.