वजा सहा

रात्री सव्वा वाजता
हेमाक्षी मोबाईल तांब्याला टेकवून
इंग्लंडातल्या कुठल्याशा गावाची मॅच बघते.
आवाज बंद. भुसावळ यार्डात डब्याला डबा लागतो,
तेवढाच काय तो.
मी लघवीला उठलेला, दारात थांबतो.

‘आजोबा, यांचे सहा गुण कापले.’
कोणाला लाथ मारली?
‘लाथ नाही हो. हिशोब.
मालकाने स्वतःच्याच कंपनीची जाहिरात
शर्टावर लावली, तिप्पट भावाने,
म्हणजे तोटा दिसायला नको.’

मला तहान लागते.
तांब्या उचलतो, तिचं इंग्लंड आडवं पडतं.

वॅगन यार्ड इलेव्हनचा खजिनदार मी, अठ्ठावीस वर्षं.
लाल कापडी वही.
चुना, दोन पोती.
ब्लॅडर, एक.
बेनेडिक्टच्या गुडघ्याला मलम, साडेचार रुपये,
त्याला पावती नाही म्हणून समोर फुली.
इतका मी चोख.

आणि गोलामागे पत्र्याचा बोर्ड:
पुंडलिक फ्रूट सप्लायर्स, सावदा.
पत्रा, रंग, दोन बांबू धरून
एकशे ऐंशीला पडला.
वहीत पाच हजार.
अध्यक्ष पुंडलिकशेठ झोपाळ्यावरून म्हणाले,
‘पैसा माहा, बोर्ड माहा, तुले काय भो?
तू लिही.’
मी लिहिलं. अक्षर माझं चांगलंच आहे.

त्या पाच हजारांत नागपूरहून दोन पोरं आली.
एकाचा डावा पाय असा
की चेंडू त्याला विचारून वळायचा.
आणि अकरा वर्षं डावीकडून धावलेला
डिझेल शेडचा रज्जाक तडवी
लिंबाच्या फोडी वाटायला बाकावर बसला.
शील्ड आलं. गुलाल माझ्याही कानात गेला.
पुढल्या साली शेठ निवडणुकीला उभे राहिले,
बोर्ड तिकडे लागला.
पोरं गेली. जाळी उंदरांनी खाल्ली.
रज्जाकला बोलवायला कोणी गेलं नाही.
म्हणजे मी गेलो नाही.

‘आता तिथं समिती आहे,’ हेमाक्षी सांगते,
‘जाहिरातीचा वाजवी भाव ती ठरवते.’
मला हसू येतं.
वाजवी भाव आमच्या रावेरला रोज निघतो, बाई,
फळ्यावर एक, ट्रकपाशी दुसरा,
आणि मधल्या फटीत
तीन तीन मजली बंगले बसतात.

पण कापलेले सहा
मालकाच्या खात्यातून जातात का?
‘नाही. संघाच्या.’
म्हणजे कोणाच्या?
ती उत्तर देत नाही, बोट दाखवते.
पायऱ्यांवर पाऊस, लोकरीच्या टोपीतला एक म्हातारा,
मांडीवर थर्मास,
संघ तळाशी, तळाच्याही खाली,
आणि हा साध्या थ्रो-इनला टाळ्या वाजवतोय.
मालक कुठे बसतो विचारलं
तर म्हणाली, तो दुसऱ्या देशात असतो.
पुंडलिकशेठ निदान सावद्याला असायचे.

आमच्या वहीत वजाला रकानाच नव्हता.
तोटा झाला की मी तो ‘येणे’ खाली टाकायचो.
कपाटात अजून आहे ती,
क्लबचा रबरी शिक्काही, शाई वाळलेली.
ज्याच्याकडे शिक्का त्याचा क्लब, असं धरलं
तर एकोणीस वर्षं मालक मीच,
आणि मला कोणी काही कापलेलं नाही.

रज्जाक खडका रोडला राहतो, मुलाकडे.
उद्या जाईन म्हणतो.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
वही न्यायची की लिंबं,
तेही नाही.

‘कॉर्नर!’ हेमाक्षी दबक्या आवाजात ओरडते.
तांब्या हलतो.
मी लघवीला जायचं विसरून
तिच्या शेजारी खाली बसतो.